रसद, वचक आणि फिटंफाट

खेळाचे नियम शिकण्याची आपल्याकडची रीत तोंडी आहे. सारीपाट, बुद्धिबळ, पत्त्यांतला झब्बू किंवा लॅडीस यांचे नियम कोणी वाचून शिकल्याचे ऐकिवात नाही. आजी, मामा, सुटीत आलेला थोरला आतेभाऊ यांच्यापैकी कोणीतरी शेजारी बसते, एक डाव उघडा खेळून दाखवते आणि ऐन रंगात 'हे सांगायचं राहिलंच' म्हणून स्वतःच्या सोयीचा एखादा नवा नियम काढते. नियमाला आवाज असतो, चेहरा असतो, क्वचित लबाडीही असते. शेजारी जाणकार कोणी नसताना, छापील पुस्तिका समोर ठेवून, परिच्छेदामागून परिच्छेद वाचत खेळ शिकणे हा अनुभव आम्हांला त्यामुळे नवा होता. आम्ही तिघेही व्यवसायाने शिकवणारे, दोघे मराठी आणि तिसऱ्या संस्कृतच्या बाई; तेव्हा हा उद्योग खेळाचा कमी आणि वाचनाचा अधिक ठरला, हे ओघाने आलेच. त्या वाचनाविषयी थोडे लिहावेसे वाटते.

खेळाचे नाव 'आफ्रिका कोर'. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने तो १९६४ साली काढला. कंपनीचे संस्थापक चार्ल्स रॉबर्ट्स यांनी त्याआधी दहा वर्षे, १९५४ साली, 'टॅक्टिक्स' नावाचा एक खेळ पदरमोड करून छापला होता. दुकानात मिळणाऱ्या आधुनिक युद्धखेळांची परंपरा तिथून सुरू झाली असे मानतात. 'आफ्रिका कोर'चा विषय दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेची मोहीम. पट म्हणजे लिबिया आणि इजिप्तची किनारपट्टी, पश्चिमेला एल अघेलापासून पूर्वेला अलेक्झांड्रियाच्या बाजूपर्यंत. एक खेळाडू जर्मन-इटालियन बाजू घेतो, दुसरा ब्रिटिशांची आणि त्यांच्या साम्राज्यातून आलेल्या फौजांची. एप्रिल १९४१ ते ऑक्टोबर १९४२ हे एकोणीस महिने ३८ फेऱ्यांत खेळायचे, म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. एका परदेशस्थ नातलगाने घर आवरताना दिलेल्या सामानात ही पेटी आमच्याकडे आली. नकाशावर 'टोब्रुक' हे नाव दिसले नसते तर ती तशीच माळ्यावर गेली असती. ते का, हे पुढे येईल.

पुस्तिकेची पहिली दोन पाने वाचताच बाई खुलल्या. 'हे तर सूत्रवाङ्मय,' असा त्यांनी निर्वाळा दिला. आधी संज्ञा: सोंगटी कशाला म्हणायचे, घर कशाला, शेजार कशाला. मग परिभाषा, म्हणजे पुढचे नियम कसे लावायचे याचे नियम. मग विधी, आणि त्यांचे अपवाद. एकदा सांगितलेली अट पुढच्या नियमांत पुन्हा उच्चारली जात नाही, वाचणाऱ्याने ती मागून ओढून आणायची. व्याकरणात जिला अनुवृत्ती म्हणतात तीच ही. सामान्य आणि विशेष यांत झगडा झाला तर विशेष जिंकतो. सोंगटीने आपल्यावर छापलेल्या आकड्याइतकीच घरे चालावीत, हा सामान्य नियम. किनाऱ्याच्या रस्त्याने गेल्यास दहा घरे अधिक, हा एक विशेष. रोमेलची सोंगटी बरोबर असल्यास आणखी दोन, हा दुसरा. दोन्ही सवलती एकाच चालीत एकाच सोंगटीला घेता येतील का, यावर आमचा पाऊण तास गेला, आणि अनेक परिसंवादांतल्या पाऊण तासापेक्षा तो निश्चितच कारणी लागला.

सूत्र म्हटले की भाष्य आले. अ‍ॅव्हलॉन हिलने १९६४ मध्येच 'द जनरल' नावाचे नियतकालिक सुरू केले आणि ते १९९८ पर्यंत चालले. त्यात डावपेचांवर लेख असत आणि नियमांविषयीच्या शंकांची उत्तरेही. नियमही आवृत्ती बदलताना पुन्हा लिहिले गेले. म्हणजे सूत्र, वार्तिक आणि भाष्य ही सगळी उतरंड इथे पस्तीसएक वर्षांत उभी राहिली, आणि तीही पुठ्ठ्याच्या सोंगट्यांसाठी! बाईंना यात गंमत वाटली. आम्हां मराठीच्या दोघांना थोडा हेवा वाटला. आपल्याकडे समकालीन कादंबऱ्यांच्याही वाट्याला इतके बारकाईचे वाचन सहसा येत नाही. असो.

नियम पक्के व्हावेत म्हणून आम्ही ते मराठीत लिहून काढायचे ठरवले. एक दोनशेपानी वही आणली. पट, सोंगटी, घर, फासा, दान हे शब्द घरचेच होते. फक्त इथली घरे सहा बाजूंची, पोळ्यातल्यासारखी. या कंपनीने १९६१ पासून आपल्या खेळांत अशी घरे आणली, आणि कारण मोठे सरळ आहे. चौकोनी घरांच्या पटावर तिरके जाणारा सरळ जाणाऱ्यापेक्षा लांबचा पल्ला गाठतो. बुद्धिबळातील उंटाला हे शोभते. रणगाड्याला शोभत नाही. षट्कोनात कोणत्याही शेजारी घराच्या मध्यापर्यंतचे अंतर सारखेच भरते.

एका घरात आपल्या तीनच सोंगट्या एकावर एक ठेवता येतात, तिला 'उतरंड' हे नाव विनाविरोध मंजूर झाले. खरा वाद झाला तो 'झोन ऑफ कंट्रोल'वर. प्रत्येक सोंगटीची सत्ता तिच्या भोवतीच्या सहाही घरांवर चालते. त्यांत शिरलेल्या शत्रूला तिथेच थांबावे लागते. बाईंना 'अधिकारक्षेत्र' हवे होते. पण अधिकार कागदावरही असू शकतो. इथे सोंगटी नुसती उभी असते, काही करत नाही, तरी पलीकडून येणाऱ्याचे पाय थबकतात. गावात एखाद्या माणसाचा वचक असतो, तसा. वहीत 'वचक' लिहिले गेले, आणि त्या शब्दानंतर तो नियम कोणाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

लढाईचा निकाल दोन पायऱ्यांनी लागतो. आधी हल्लेखोरांचे बळ आणि बचाव करणाऱ्यांचे बळ यांचे प्रमाण काढायचे. उरलेला अपूर्णांक बचावाच्या बाजूने सोडून द्यायचा. बाराला चार म्हणजे तीनास एक. अकराला चार म्हणजे केवळ दोनास एक. मग फासा टाकायचा आणि कोष्टकात त्या दानाखाली काय लिहिले आहे ते पाहायचे. तीनास एक असेल तर हल्लेखोर सहसा निर्धास्त असतो, दोनास एक असेल तर फासा त्याच्यावरही उलटू शकतो. त्या एका बळासाठी अख्खी फेरी वाट पाहणे म्हणजे काय, हे खेळल्याशिवाय कळत नाही. कोष्टकात एक निकाल असा आहे की बचाव करणारा संपतो, पण हल्लेखोरालाही तितक्याच बळाच्या सोंगट्या गमवाव्या लागतात. इंग्रजीत नुसते 'एक्स्चेंज'. आम्ही लिहिले 'फिटंफाट'. शब्द हलका आहे हे मान्य, पण मुलांच्या खेळातला तो शब्द या पटावर उच्चारताना अंगावर काटा येतो, आणि 'विनिमय' म्हणताना येत नाही.

वचकाच्या नियमाला एक पुरवणी आहे आणि तिच्यातून या खेळाचे सर्वांत निष्ठुर वळण निघते. शत्रूच्या शेजारी जाऊन उभे राहिले की लढाई टाळता येत नाही. वचकात सापडलेल्या प्रत्येक शत्रू-सोंगटीवर कोणी ना कोणी हल्ला करावाच लागतो. समजा, दोन शत्रू शेजारीशेजारी आहेत आणि आपल्याला त्यांतला एकच मारायचा आहे. मग सारे बळ त्याच्यावर लावायचे, तीनास एक साधायचे, आणि दुसऱ्यावर आपली सर्वांत दुबळी सोंगटी सोडायची. तिचे काय होणार हे तिला सोडणाऱ्याला ठाऊक असते. इंग्रजी खेळाडू याला 'सोक-ऑफ' म्हणतात. आम्ही 'टीपकागद' म्हणू लागलो, सांडलेली शाई टिपून घेणारा आणि मग फेकून द्यायचा. कोणताही एक नियम हे करण्याची आज्ञा देत नाही. बळाचे प्रमाण, अपूर्णांक सोडणे, वचक, लढाईची सक्ती, असे चार निरुपद्रवी नियम शेजारीशेजारी ठेवले की टीपकागद आपोआप तयार होतो. व्याकरणाने कधी न उच्चारलेले वाक्य त्या व्याकरणातून निर्माण होते, तसे हे आहे. तिसऱ्या बैठकीत बाईंनी पहिल्यांदा एक इटालियन सोंगटी अशी पुढे सरकवली, आणि 'संहितेत नाही, पण संहितेने सांगितलेलं आहे' एवढेच म्हणाल्या.

या सगळ्या रचनेच्या मुळाशी रसद आहे. मराठी माणसाला हा शब्द पानिपताशिवाय ऐकू येत नाही. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीकडे येणारे धान्य आटले, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी सैन्य बाहेर पडले, हा क्रम आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही सांगता येतो. 'आफ्रिका कोर'मध्ये रसदेच्या स्वतंत्र सोंगट्या आहेत. रसद जवळ नसेल तर हल्ला करता येत नाही. हल्ला केला की ती खर्ची पडते. जर्मन खेळाडूला रसद मिळणार की नाही हे दर फेरीला फासा ठरवतो. भूमध्य समुद्रावरील जहाजे, माल्टा बेट, पाणबुड्या, विमाने हे सारे त्या एका दानात दडलेले आहे. दान वाईट पडले की जहाज बुडाले असे समजायचे. वाळवंटात सर्वांत बलाढ्य रणगाडे उभे असतात, समोर शत्रू विस्कळीत असतो, आणि काहीही करता येत नाही.

रोमेलची सोंगटी या पार्श्वभूमीवर पाहावी. जर्मन सेनापतीच्या दंतकथेवर पुस्तके आणि चित्रपट निघाले. पटावर मात्र त्याला लढण्याचे बळच दिलेले नाही. तो बरोबर असेल तर सैन्य दोन घरे जास्त चालते, बस्स. प्रतिभेची किंमत दोन घरे, पेट्रोलची किंमत सगळे काही. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर हे एक प्रतिपादन आहे, आणि तेही एकही विशेषण न वापरता केलेले. युद्धाविषयीच्या कित्येक जाडजूड मराठी पुस्तकांत सेनापतीचे शौर्य शंभर पाने व्यापते आणि बैलांचा, दाणागोट्याचा, सावकाराच्या कर्जाचा हिशेब तळटीपेत जातो. इथे हे प्रमाण नेमके उलटे आहे.

युद्धाचा खेळ मांडणाऱ्यांची वाङ्मयीन वंशावळ लहान नाही. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'तील (१७५९–६७) टोबीकाका नामूरच्या वेढ्यात जखमी होतो. जखम नेमकी कुठे झाली हे भेटायला येणाऱ्यांना सांगताना खंदक, बुरूज, उतार या शब्दांच्या जंजाळात तो इतका अडकतो की त्याची प्रकृती बिघडते. मग नकाशा येतो, नकाशामागून तटबंदीवरचे ग्रंथ, आणि शेवटी घराबाहेरच्या हिरवळीवर नोकराच्या मदतीने उभारलेली खोटी तटबंदी. सांगता येत नाही म्हणून मांडावे लागते, हे त्या विनोदी कादंबरीचे एक दुःख आहे. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या राइस्विट्झ या तरुण लेफ्टनंटने सैन्यासाठी युद्धखेळाचे नियम छापले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने 'लिट्ल वॉर्स' लिहून शिशाच्या शिपायांना घरातल्या जमिनीवर उतरवले. आमच्या पिढीच्या वाचकांना जास्त चकित करतील ती दोन नावे अलीकडची. पहिले गी दबोर, 'सोसायटी ऑफ द स्पेक्टॅकल'चा (१९६७) कर्ता. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या या माणसाने एक युद्धखेळ रचला, १९७७ मध्ये त्यासाठी कंपनी काढली आणि १९८७ मध्ये पत्नीसह त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या खेळातही तळाशी संपर्क तुटलेली फौज निकामी होते. दुसरे रोबेर्तो बोलान्यो. त्याच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये आलेल्या 'द थर्ड राइक' या कादंबरीचा नायक असल्याच खेळातील जर्मन विजेता आहे आणि सुटीवर असताना हॉटेलच्या खोलीत पट मांडून बसतो. मराठीत याला समांतर काही आम्हांला आठवले नाही. बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) तर रणांगणच नाही, आगबोट आहे.

आता टोब्रुक. आमच्यापैकी एकाच्या घरात हे नाव तीन पिढ्या उच्चारले जात आहे, 'तोबरूक' असे. सातारा जिल्ह्यातल्या त्या घरातले थोरले चुलत आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते, आणि ते 'तोबरूकला धरले गेले'. घरातली कथा एवढीच. मराठी शिकवणाऱ्याच्या कानाला त्या वाक्यातला प्रयोग खटकल्याशिवाय राहत नाही: धरणारा कोण, कशासाठी, किती जणांना, काही नाही. नुसते धरले गेले.

इतिहासात ते वाक्य सविस्तर सापडते. १९४१ मध्ये एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत टोब्रुकने वेढा सोसला आणि ते पडले नाही. पुढच्या वर्षी परिस्थिती निराळी होती. तटबंदीभोवतीचे बरेच सुरुंग काढून गझालाच्या फळीवर नेले गेले होते, रणगाडे अडवणारा चर जागोजाग वाळूने बुजला होता. २० जून १९४२ च्या पहाटे विमानांनी आग्नेय बाजूवर बॉम्ब टाकले आणि मागोमाग रणगाडे आले. ती बाजू अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होती आणि नेमका तो टापू मराठ्यांच्या दुसऱ्या पलटणीकडे. फळी तिथे फुटली. संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात होते. २१ जूनच्या सकाळी दक्षिण आफ्रिकी सेनापती क्लॉपर यांनी शरणागती दिली. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले.

पटावर टोब्रुक हे एक घर आहे. तो किल्ला असल्यामुळे आतल्या सोंगटीचे बचावाचे बळ दुप्पट धरायचे, एवढीच त्याची मातब्बरी. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या ब्रिगेडी सोंगट्यांच्या रूपाने खेळात आहेत. अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्यावर डिव्हिजनचा आकडा, ब्रिगेडचा आकडा आणि बळाचे आकडे. अकरावी ब्रिगेड त्यांत आहे. पलटण नाही. ब्रिगेडच्या खालचे काही या नियमांना दिसत नाही, आणि ते दिसत नाही म्हणूनच ही मोहीम तीन माणसांना शनिवार-रविवारी खेळता येते. बारीक पाहणारे नियमही लोकांनी करून पाहिले आहेत. एसपीआय या कंपनीचा रिचर्ड बर्गने रचलेला 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' (१९७९) पाण्याचाही हिशेब ठेवायला लावतो. इटालियन पलटणींना पास्ता शिजवण्यासाठी जादा पाणी द्यावे, हा त्यातला नियम म्हणजे कर्त्याने केलेली थट्टा होती, पण प्रसिद्धी मिळाली ती त्यालाच. तो खेळ कोणी पुरा करण्याची शक्यता फार थोडी. आमच्या सहकाऱ्याच्या घरात मात्र आजोबांनी वाळवंटाविषयी स्वतःहून सांगितलेली एकमेव गोष्ट पाण्याची होती. माणशी किती पाणी मिळायचे, त्यातले दाढीला किती आणि प्यायला किती. बाकी लढाई, विमाने, शरणागती यांविषयी विचारले की ते उठून गोठ्याकडे जात.

ते इटलीतल्या छावणीत राहिले, पुढे जर्मनीत हलवले गेले आणि युद्ध संपल्यावर परत आले. पकडल्या गेलेल्यांची कथा आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांचा पुतळा माणगावला आहे. तो असायलाच हवा. पण शरण गेलेल्या पलटणीचा पुतळा कोणी कसा उभारणार? एप्रिल १९४१ मध्ये मेकिलीला तिसऱ्या भारतीय मोटार ब्रिगेडचे जे जवान पकडले गेले, त्यांच्यापैकी काही सुभाषचंद्र बोसांनी जर्मनीत उभारलेल्या पथकाचे पहिले सैनिक झाले. कैदेनंतरही माणसांपुढे निवडी उभ्या राहत होत्या, हे नमूद करायचे एवढ्यासाठी की खेळाच्या कोष्टकात याच घटनेला एक शब्द आहे: 'एलिमिनेटेड'.

वहीतली ती जागा आम्ही सुरुवातीपासून रिकामी ठेवली होती. सारीपाटाच्या सवयीने पहिला शब्द आला 'मेली'. पण सारीपाटातली मेलेली सोंगटी पुन्हा आपल्या घरातून निघते, हुतुतूतला मेलेला गडी जिवंत होतो. तिथले मरण हे तात्पुरते असते. इथे उचललेली सोंगटी सहसा परतत नाही. बाईंनी 'बाद' सुचवला आणि त्यामागचा युक्तिवाद बिनतोड होता. नियमाला मृत्यू, जखम, पळ आणि कैद यांतला भेद करायचाच नाही, तेव्हा भाषांतरानेही तो करू नये. ज्यांच्या घरात 'धरले गेले' हे वाक्य वाढले, त्यांना हे पटेना. ३३ हजार जिवंत माणसांना बाद कसे म्हणायचे, असे ते म्हणत. आणि त्यांनी वहीच्या समासात पेन्सिलीने 'धरली' असे लिहूनही ठेवले. वास्तविक दोघांचेही बरोबर होते. बाई संहितेशी प्रामाणिक राहत होत्या आणि आमचे मित्र संहितेने जे वगळले त्याच्याशी. भाषांतराच्या वर्गात आम्ही जो प्रश्न मुलांना वर्षानुवर्षे विचारत आलो, तो असा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर येऊन बसला.

शेवटी जो शब्द पडला तो कोणी शोधलेला नव्हता. खेळताना तो तोंडात येतच होता. फासा पडल्यावर समोरचा म्हणतो, 'उचला'. पटावर प्रत्यक्षात तेवढेच घडते: दोन बोटांनी सोंगटी उचलायची आणि पेटीत टाकायची. शिवाय मराठीत माणूसही उचलला जातो. पोलीस उचलतात, शत्रू उचलतो, आणि चार खांदेकरीही उचलतात. 'उचलली' असे वहीत शाईने लिहिले गेले. समासातली पेन्सिल पुसलेली नाही.

आमचा चालू डाव मे १९४२ च्या दुसऱ्या फेरीवर थांबला आहे. ब्रिटिश बाजू तेच मित्र खेळत आहेत, बाई जर्मन. अकराव्या ब्रिगेडने जूनमध्ये टोब्रुकला असावे अशी सक्ती कोणत्याही नियमात नाही. जर-तरचा मोह आपल्याला नवा नाही. नारळीकरांच्या गंगाधरपंतांनाही मराठे जिंकलेले पानिपत पाहता आले होते. आमच्या मित्रांनी गेल्या बैठकीत ती सोंगटी टोब्रुकमधून काढली आणि किनाऱ्याच्या रस्त्याने, दहा घरांची सवलत घेऊन, थेट इजिप्तच्या हद्दीपलीकडे नेऊन ठेवली. डावाच्या दृष्टीने चाल वाईट नव्हती, पण ती डावासाठी केलेली नव्हती हे तिघांनाही कळत होते. बाईंनी नकाशाकडे पाहिले आणि विचारले, 'मग सर, टोब्रुकात कोण?' किल्ला मोकळा सोडता येत नाही. बराच वेळ गेला. मग त्यांनी एक दक्षिण आफ्रिकी ब्रिगेड उचलली आणि त्या घरात ठेवली. बाईंनी रसदेचे दान टाकले. जहाज पोचले आहे.